ओमाहातल्या कॉलेज बेसबॉलच्या फायनलची देशभर चर्चा का होत नाही?

रुळावरचा :
जूनच्या मध्यावर दहा-बारा दिवस आमच्या ओमाहात साध्या मोटेलची खोली मिळत नाही. मिळालीच तर भाव ऐकून माणूस गाडीत झोपायचा विचार करतो. एरवी या गावाची ओळख म्हणजे वॉरन बफे आणि युनियन पॅसिफिक रेल्वे. पण या दिवसांत लुइझियाना, मिसिसिपी, टेनेसी, आर्कान्सा इथून लोक गाड्या भरभरून येतात. कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीज, १९५० पासून इथेच होते. त्याआधीची दोन वर्षं कलामाझूला आणि एक विचिटाला झाली होती. १९४७ आणि १९४८ च्या फायनलमध्ये येलकडून पहिल्या बेसवर उभा असलेला खेळाडू म्हणजे थोरले जॉर्ज बुश. २०१० पर्यंत सामने जुन्या रोझेनब्लाट स्टेडियममध्ये व्हायचे, आता डाउनटाउनमधल्या चोवीस हजार आसनांच्या मैदानात होतात. स्पर्धेची एकूण हजेरी साडेतीन लाखांच्या आसपास जाते.

एवढं असून न्यू जर्सीतल्या माझ्या भावाला अशी काही स्पर्धा असते हेच ठाऊक नव्हतं. हाच भाऊ मार्चमध्ये ऑफिसातल्या लोकांबरोबर बास्केटबॉलचं ब्रॅकेट (कोण कोणाला हरवेल याच्या अंदाजाचा तक्ता) भरतो, यातल्या अर्ध्या युनिव्हर्सिट्या नकाशावर दाखवता येणार नाहीत तरी. टीव्हीचे आकडे तेच सांगतात. जानेवारी २०२४ ची मिशिगन विरुद्ध वॉशिंग्टन ही कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची फायनल अडीच कोटी लोकांनी पाहिली. बास्केटबॉलची फायनल दीड कोटीच्या घरात असते. बेसबॉलची फायनल चांगल्या वर्षी तीस लाखांच्या आतबाहेर.

बेसबॉलला इथे राष्ट्रीय खेळ म्हणतात. कॉलेजच्या खेळांचं वेडही या देशाइतकं कुठे नाही. मग हे दोन्ही एकत्र आले की माशी कुठे शिंकते?

शुद्ध तूप :
त्यात कोडं काय आहे? जून महिना! व्यावसायिक बास्केटबॉलची, म्हणजे एनबीएची फायनल, आइस हॉकीचा स्टॅनली कप, गोल्फची यूएस ओपन, व्यावसायिक बेसबॉलच्या मेजर लीगचे रोजचे पंधरा सामने, आणि चार वर्षांतून एकदा फुटबॉलचा (सॉकरचा) वर्ल्ड कप. शिवाय कॉलेजं मेमध्येच बंद होतात, पोरं घरी नाहीतर इंटर्नशिपला. मार्चमध्ये अख्खं होस्टेल टीव्हीसमोर असतं. जूनमध्ये होस्टेलला कुलूप.

ह्यूस्टनची सई :
"चर्चा होत नाही" हे जरा उत्तरेकडच्या चष्म्यातून चाललंय असं वाटतं. इकडे दक्षिणेत येऊन बघा. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेटच्या) मैदानावर साध्या लीग सामन्याला दहा-दहा हजार लोक असतात. मिसिसिपी स्टेटला लेफ्ट फील्डच्या कुंपणामागे लोक पिढ्यानपिढ्या शेगड्या पेटवून मांस भाजत सामना बघतात. तिथे एप्रिल २०२३ मध्ये ओल मिसविरुद्धच्या (मिसिसिपी युनिव्हर्सिटीविरुद्धच्या) एका सामन्याला १६,४२३ लोक होते. मेजर लीगचे काही संघ मंगळवारी रात्री एवढ्या गर्दीसाठी नवस बोलतील.

आणि ओमाहाच्या स्टेडियमसमोरचा तो रॉकोज बार! कोणत्या संघाचे पाठीराखे जास्त जेलो शॉट (दारू घातलेली जेली) पितात याचा तिथे फळ्यावर जाहीर हिशोब असतो. २०२२ मध्ये ओल मिसवाल्यांनी १८,७७७ चा विक्रम केला तेव्हा आम्ही तोंडात बोटं घातली होती. पुढच्याच वर्षी एलएसयूवाल्यांनी ६८,८८८ वर नेऊन ठेवला. त्यातले काही पैसे फूड बँकांना जातात, म्हणजे पिणाऱ्यांना पुण्यही लागतं. हे लोक वेडे नाहीत असं कोण म्हणेल?

रुळावरचा :
सईताई, वेडे आहेतच, मी दरवर्षी बघतो. पण हे वेड सात-आठ राज्यांपुरतं आहे. अलाबामाचा फुटबॉल सामना ओरेगनमधला माणूसही बघतो, एलएसयूचा बेसबॉल सामना बघत नाही. माझा प्रश्न तेवढाच आहे.

बर्फाळलेला :
मिनेसोटाहून लिहितोय. मोसम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो. तेव्हा आमच्या मैदानावर गुडघाभर बर्फ असतो. इथल्या युनिव्हर्सिटीचा संघ सुरुवातीचे काही सामने चक्क व्हायकिंग्जच्या छपरवाल्या फुटबॉल स्टेडियममध्ये खेळतो. बाकी उत्तरेकडचे संघ पहिला महिना फ्लोरिडा, टेक्सास, कॅरोलायना असे दुसऱ्यांच्या दारी खेळत हिंडतात. घरी परततात तेव्हा एप्रिल उजाडलेला असतो आणि निम्मी लढाई हरलेली असते. हुशार पिचर (चेंडू टाकणारा) मग दक्षिणेतच प्रवेश घेतो.

नेहमीच असं नव्हतं. मिनेसोटा १९५६, १९६० आणि १९६४ मध्ये जिंकलं, मिशिगन १९५३ आणि १९६२ मध्ये, ओहायो स्टेट १९६६ मध्ये. त्यानंतर बिग टेन या मूळच्या उत्तरेकडच्या युनिव्हर्सिट्यांच्या गटातून खेळणाऱ्या एकाही संघाला जेतेपद मिळालेलं नाही. २०१९ मध्ये मिशिगन फायनलला गेलं आणि व्हँडरबिल्टकडून हरलं. ओरेगन स्टेटने तीनदा जिंकलं, पण तिकडे पाऊस पडतो, आमच्यासारखा बर्फ नाही. विस्कॉन्सिनने तर १९९१ मध्ये बेसबॉलचा संघच बंद केला, आयोवा स्टेटने २००१ मध्ये. ज्या गावच्या युनिव्हर्सिटीत संघच नाही तिथला माणूस जूनमध्ये टीव्ही लावून कोणाच्या नावाने ओरडणार? न्यू यॉर्क, शिकागो, बॉस्टन ही मोठी गिऱ्हाइकं स्पर्धा सुरू होण्याआधीच बाहेर असतात.

डावखुरा :
थंडी, महिना, सुट्टी, सगळं मान्य. पण मूळ दुखणं वेगळं आहे: मेजर लीग बेसबॉलला कॉलेजची गरज नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये शाळा सुटल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल ही व्यावसायिक लीग कोणाला दारात उभं करत नाही. त्यांची स्वतःची मायनर लीगही (खेळाडू तयार करणारी खालची लीग) नाही. म्हणजे त्या तीन वर्षांत मुलगा कॉलेजातच असणार. बास्केटबॉलमध्येही २००६ च्या ड्राफ्टपासून (ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) शाळेतून थेट एनबीएत उडी मारता येत नाही. त्यामुळे त्या दोन खेळांचा उद्याचा राजा आज कॉलेजच्या जर्सीत दिसतो. जानेवारीत फायनल, एप्रिलमध्ये ड्राफ्ट, सप्टेंबरात तोच पोरगा रविवारी दुपारी तुमच्या टीव्हीवर. बघणाऱ्याची गुंतवणूक वाया जात नाही.

बेसबॉलचं उलटं आहे. शाळा संपली की अठराव्या वर्षीच करार समोर येतो. डेरेक जीटर, केन ग्रिफी ज्युनिअर, माइक ट्राउट, क्लेटन केर्शॉ हे सगळे शाळेतूनच गेले. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातली पोरं सोळा-सतराव्या वर्षी सही करतात. ओतानी जपानमधून आला. म्हणजे आजच्या मेजर लीगचे कितीतरी मोठे चेहरे ओमाहात कधी खेळलेच नाहीत. चार वर्षांच्या कॉलेजात गेलात तर तिसरं वर्ष होईपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत ड्राफ्ट नाही. आणि ड्राफ्ट झाला म्हणजे लगेच मैदानात असंही नाही. मग दोन-तीन वर्षं मायनर लीगमध्ये, लहान गावांच्या मैदानांवर, बसने प्रवास करत. ओमाहात ज्याच्यासाठी तुम्ही घसा फोडलात तो तीन वर्षांनी कुठल्यातरी संघात उगवतो तेव्हा तुम्ही त्याचं नाव विसरलेले असता.

आता दुसरी गोष्ट, जी मला याहून महत्त्वाची वाटते. बेसबॉलचा सर्वांत मोठा तारा बहुतेक वेळा पिचर असतो, आणि तो आठवड्यातून एकदा टाकतो. कॉलेजचा मोसम शुक्रवार-शनिवार-रविवार असा चालतो. शुक्रवारचा पिचर म्हणजे संघाचा हुकमी एक्का. त्या दिवसानंतर तो खांद्यावर बर्फ लावून बाकावर बसतो.

२०२३ चा एलएसयूचा पॉल स्कीन्स आठवा. ओमाहात वेक फॉरेस्टविरुद्ध उपांत्य फेरीचा निर्णायक सामना. समोर रेट लाउडर, तोही पुढे पहिल्या फेरीत ड्राफ्ट झालेला. दोघांनी एकमेकांच्या फलंदाजांना हलू दिलं नाही. स्कीन्सने आठ इनिंगमध्ये १२० चेंडू टाकले. नेहमीच्या नऊ संपून दहा इनिंग शून्य-शून्य. अकराव्या इनिंगला एलएसयूच्या टॉमी व्हाइटने होमरन (कुंपणापलीकडचा फटका) मारून सामना २-० असा संपवला. मी आजवर पाहिलेला कॉलेजचा सगळ्यात देखणा सामना. हा झाला गुरुवारी रात्री. शनिवारी फ्लोरिडाविरुद्ध फायनल सुरू झाली, तीन सामने चालली, आणि स्कीन्सने त्यात एकही चेंडू टाकला नाही! स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दुसरा सामना एलएसयू २४-४ असा हरलं, तिसरा १८-४ असा जिंकलं. ज्याने फक्त फायनल लावली त्याला काय दिसलं? दोन दिवस चेंडू कुंपणाबाहेर पडताना दिसले, आणि ज्याचं नाव ऐकून टीव्ही लावला तो बाकावर.

बास्केटबॉलमध्ये असं होऊ शकत नाही. तारा ठणठणीत असेल तर फायनलला चाळीसपैकी पस्तीस मिनिटं मैदानात असतो.

शुद्ध तूप :
पण स्कीन्स तर विसरला गेला नाही. जुलै २०२३ मध्ये पिट्सबर्गने पहिला उचलला, मे २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये आला, त्याच वर्षी जुलैत ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगकडून सुरुवातीचा पिचर तोच होता.

डावखुरा :
तूपशेठ, तो हजारात एक. त्याच्याच संघातला डिलन क्रूज त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा गेला. ओळखीच्या चार माणसांना विचारून बघा, कोणत्या संघात गेला ते.

कट्टेकरीण :
डावखुरादादा, तुमच्या सिद्धांताला एक सुरुंग लावते. महिला बास्केटबॉल. दहा वर्षांपूर्वी त्या फायनलकडे कोण बघत होतं? एप्रिल २०२४ मध्ये केटलिन क्लार्कच्या आयोवाला साउथ कॅरोलायनाने हरवलं, तो सामना सुमारे एक कोटी नव्वद लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षीच्या पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. आणि डब्ल्यूएनबीएला, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगला, कुठे एवढी ओढ होती तेव्हा? म्हणजे पुढची लीग मोठी असायला हवी असं काही नाही.

डावखुरा :
उलट सुरुंगाने माझाच रस्ता मोकळा केलात. क्लार्क चार वर्षं एकाच जर्सीत होती आणि प्रत्येक सामन्यात जवळपास पूर्ण वेळ खेळली. लोकांना तिची सवय झाली. बेसबॉलमध्ये ही सवयच लागत नाही.

आकडेमोड :
अजून कोणी ब्रॅकेटबद्दल बोललं नाही, नुसता उल्लेख झाला. मार्चची स्पर्धा ६८ संघांची, एक हरला की घरी. कागदाच्या एका बाजूवर मावते. ज्याला खेळ कळत नाही तो शुभंकर बघून भरतो आणि जिंकतोही. बेसबॉलमध्ये ६४ संघ, सोळा ठिकाणी चार-चारचे गट, दोनदा हरलात तर बाहेर. मग आठ ठिकाणी तीन सामन्यांच्या मालिका. मग ओमाहात आठ संघ, चारचे दोन गट, पुन्हा दोनदा हरण्याची मुभा. मग फायनलचे तीन सामने, तेही २००३ पासून. त्याआधी अनेक वर्षं सीबीएस वाहिनीवर शनिवारचा एकच सामना असायचा. हे ऑफिसातल्या कोणाला समजावून बघा. दुसऱ्या मिनिटाला तो कॉफी आणायला जातो.

दुसरं असं की बेसबॉलमध्ये धक्कादायक निकालाला किंमतच नाही. मेजर लीगमध्ये १६२ पैकी शंभर सामने जिंकणारा संघ थोर समजतात, म्हणजे तो बासष्टदा हरलेला असतो. २०१८ मध्ये बास्केटबॉलमध्ये सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं, देशभर पहिल्या पानावर. एकच सामना! इकडे २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट आपल्या चारच्या गटातही चौथ्या मानांकनाचं होतं, आणि सरळ विजेतं झालं. फ्रेस्नोबाहेर किती जणांना आठवतंय? एकंदर पहिल्या मानांकनाचा संघ १९९९ मध्ये मायामी जिंकला, त्यानंतर थेट २०२४ मध्ये टेनेसी. जिथे अव्वल संघ पाव शतक जिंकतच नाही तिथे तो हरला तर बातमी कशी होणार?

तोक्योतला पाटील :
बेसबॉलचा दोष असेल तर जपानचं काय करायचं? इकडे ऑगस्टमध्ये कोशिएन असतं, शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा. १९१५ पासूनची, कोशिएनच्या मैदानात १९२४ पासून. प्रत्येक सामना एनएचके या सरकारी वाहिनीवर. दुकानात, न्हाव्याकडे, इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात तेच चालू असतं. सत्तेचाळीस प्रांत, त्यातल्या तोक्यो आणि होक्काइदोचे दोन-दोन, असे एकोणपन्नास संघ.

आणि आकडेमोड म्हणतात ते इथे लागू पडतं: एक हरला की घरी. हरलेली पोरं रडत मैदानातली माती पिशवीत भरून नेतात. आवडती गोष्ट अशी की पूर्वी एकच पिचर रोजच्या रोज टाकायचा, हात मोडेस्तोवर. १९९८ मध्ये मात्सुझाकाने सतरा इनिंगच्या सामन्यात २५० चेंडू टाकले, आणि फायनलला एकही हिट दिला नाही. अमानुष म्हणा, मीही म्हणतो, आता चेंडूंवर मर्यादाही घातली आहे. पण देश बघत होता. आणि प्रत्येक प्रांताचा संघ असल्यामुळे "आपला" कोणीतरी असतोच. बर्फाळलेला यांना विस्कॉन्सिनची खंत आहे ती इथे उद्भवत नाही.

अण्णा दादरकर :
वाचतोय. आपल्याकडे वेगळं काय आहे? मार्च २०२४ मध्ये रणजीची फायनल वानखेडेवर, मुंबई विरुद्ध विदर्भ. दोन्ही संघ महाराष्ट्रातले, मुंबईचं बेचाळिसावं जेतेपद. आमच्या इमारतीत किती जणांना पत्ता होता? आमच्या वेळी विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा पेपरात सविस्तर छापून यायची, गावसकरांचं नाव आम्ही तिथेच पहिल्यांदा वाचलं. आता निवड दुसऱ्या दाराने होते, तर त्या दाराशी गर्दी.

डावखुरा :
अण्णा, शेवटच्या एका वाक्यात मांडलंत. मला एवढं टंकावं लागलं!

ह्यूस्टनची सई :
पैशाचं कोणी का बोलत नाही? कालपरवापर्यंत कॉलेज बेसबॉल संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या. अकरा पूर्णांक सात दशांश! त्या सत्तावीस पोरांत वाटायच्या. फुटबॉलला पंच्याऐंशी पूर्ण. आमच्या शेजारचा मुलगा चांगला कॅचर होता, त्याला एका कॉलेजने पंचवीस टक्के देऊ केले. बापाने कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला आणि पोरगा गावातल्या युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगला गेला. २०२५-२६ पासून हा नियम गेला, आता चौतीस जणांचा संघ आणि प्रत्येकाला हवी तेवढी स्कॉलरशिप देता येते. पण कोण देणार? ज्यांच्याकडे फुटबॉलचा पैसा आहे तेच, म्हणजे पुन्हा आमच्याच दक्षिणेतल्या युनिव्हर्सिट्या. स्पर्धा आणखी आमची होईल. मला आनंद आहे, पण रुळावरचा यांच्या भावाला नसणार.

आकडेमोड :
टीव्हीच्या हक्कांचंही तेच. मार्चच्या स्पर्धेसाठी २०१० साली चौदा वर्षांचे १०.८ अब्ज डॉलर ठरले होते. जानेवारी २०२४ मध्ये ईएसपीएन वाहिनीने महिला बास्केटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल धरून चाळीस स्पर्धा एकगठ्ठा घेतल्या, आठ वर्षांचे ९२ कोटी डॉलर. ज्याला एवढे पैसे मोजलेत त्याचीच जाहिरात वर्षभर होणार.

कट्टेकरीण :
सॉफ्टबॉलचं नाव निघालंच आहे तर सांगते. तोच ईएसपीएन, जूनचीच सुरुवात, जवळजवळ तोच खेळ, तेच दोनदा हरण्याचं किचकट गणित. तरी २०२१ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या महिलांच्या सॉफ्टबॉल स्पर्धेने ओमाहापेक्षा जास्त प्रेक्षक खेचले. आता डावखुरादादांसाठी खाऊ: सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो, त्यामुळे एक्का रोज टाकू शकतो. २०२५ मध्ये टेक्सास टेकच्या नायजारी कॅनडीने त्या स्पर्धेत संघाचा जवळजवळ प्रत्येक चेंडू टाकला. फायनलच्या तिसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगला पाच रन गेले आणि तिला बाहेर काढलं, टेक्सास जिंकलं. हरली तरी आठवडाभर टीव्ही लावला की तीच समोर. शिवाय सात इनिंग, दोन तासांत खेळ खलास.

शुद्ध तूप :
म्हणजे जून महिन्यावरचा माझा आरोप रद्द?

कट्टेकरीण :
निम्मा. सॉफ्टबॉल जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं, पोरं नुकती घरी पोचलेली असतात.

रुळावरचा :
भावाला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर आलंय: "तो अकरा इनिंगवाला सामना कुठे बघायला मिळेल?" बाकी काही नाही. डावखुरा, असेल तर दुवा द्या. आणि पुढच्या जूनमध्ये कोणी येणार असेल तर आमच्या बेसमेंटमध्ये दोन जणांची सोय आहे. आधी सांगा मात्र, एलएसयू पात्र ठरलं की मेव्हणे आधीच आडवे झालेले असतात.